आनंदाचे दिवसही डॉक्टरांना सांगायचे असतात

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय २२. गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या जवळ. घरी केळी आणि थोडा कापूस. मी जळगावात खोली घेऊन राहतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. मागच्या दिवाळीनंतर मला काहीच करावंसं वाटेना. मेसचा डबा दारात तसाच पडून राहायचा. पहाटे चारला जाग यायची ती छातीवर खताची गोणी ठेवल्यासारखी. दोन पेपरला गेलोच नाही, घरी सांगितलं बरे गेले. फेब्रुवारीत आपोआप मोकळं झालं. इतकं, की रात्री दोन-तीन तास झोपलो तरी पुरायचं. केळीच्या वेफर्सचा कारखाना काढायचं डोक्यात आलं. तीन मित्रांकडून मिळून ६२ हजार उसने घेतले, पॅकिंगच्या मशीनला आगाऊ रक्कम दिली, रात्री दीडला आमच्या सरांना फोन करून भागीदार व्हा म्हटलं. मध्यरात्री खोलीवरून निघून शहराबाहेरच्या बांभोरीपर्यंत पायी जायचो आणि परत यायचो, पाय दुखायचे नाहीत. तीन आठवडे असं चाललं. एप्रिलपासून परत ती गोणी. आता मित्र पैसे मागतात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, म्हणाले मोबाइल कमी कर. वडिलांना जरा सांगून पाहिलं तर म्हणे, ‘तुले काय कमी शे? खोलीनं भाडं मी भरस, डबाना पैसा मी भरस.’ त्यांचंही खरंच आहे. रूममेट म्हणतो सायकॅट्रिस्टकडे चल. हा आजार आहे की माझा स्वभावच असा? गेलो तर सांगायचं काय? गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणतात. आणि गावात कळलं तर? कधी कधी वाटतं, सगळं संपलं तर बरं. पण तसं काही करणार नाही.
— एक वाचक

उत्तर : तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात करते. ती तू पत्राच्या अगदी तळाशी, दुसऱ्या पेनानं लिहिलीयेस. म्हणजे पत्र लिहून झाल्यावर तू थांबलास, आणि मग ती लिहिलीस. अंक छापून यायला महिना जातो, म्हणून तुला तेव्हाच फोन केला होता. आपलं बोलणं झालं आहे आणि तुझ्या परवानगीनं हे इथे देते आहे, कारण अशीच दोन वाक्यं तळाशी लिहिणारे आणखी पुष्कळ आहेत.

त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. ‘संपलं तर बरं’ हा विचार मनात येतो, हे एका जिवंत माणसाला आजच सांगा. रूममेट असेल, मावशी असेल, कोणीही. कोणी नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. विचार जोर धरत असेल तर सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात जा. तिथे फक्त हात मोडलेल्यानंच जायचं असं काही नाही. आणि घरच्यांनो, फवारणीची औषधं घराच्या माळ्यावर ठेवू नका. शेतातल्या खोलीत कुलुपात ठेवा आणि किल्ली तुमच्या कमरेला ठेवा. तेवढी एक आडकाठी असली की रात्र निघून जाते आणि सकाळी माणूस बोलायला लागतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आता तुझे प्रश्न. मी डॉक्टर नाही, हे नव्या वाचकांना माहीत नसतं. एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी अठ्ठावीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. काम म्हणजे केसपेपर घेऊन आलेल्या माणसाची गोष्ट ऐकून घ्यायची, घरच्यांची वेगळी ऐकायची आणि दोन्हीतला फरक डॉक्टरांपुढे ठेवायचा. त्यामुळे तुला अमुक आजार आहे असं मी लिहिणार नाही. पण स्वभाव कॅलेंडर बघून बदलत नाही. दिवाळीनंतर जो मुलगा डब्यापर्यंत हात नेत नव्हता, तोच फेब्रुवारीत रात्री दीडला सरांना भागीदारी देतो, आणि एप्रिलमध्ये परत पांघरुणात जातो, याला स्वभाव म्हणत नाहीत.

माझं लक्ष तुझ्या पत्रातल्या झोपेवर अडलं. झोप न लागणं दोन तऱ्हेचं असतं. एकात माणूस कूस बदलत राहतो, सकाळी डोळे चुरचुरतात, दिवसभर अंग मोडून येतं. दुसऱ्यात झोप लागत नाही आणि हवीही वाटत नाही. दोन तासांत माणूस ताजातवाना उठतो, बांभोरीपर्यंत चालून येतो, वर म्हणतो पाय दुखले नाहीत. ही दुसरी तऱ्हा सलग चार-आठ दिवस चालली आणि तिच्याबरोबर पैसा, बोलणं, बेत सगळंच धावायला लागलं, तर डॉक्टर कान टवकारतात. उदासी आणि ही उसळी असं दोन्ही ज्यात येतं त्याला बायपोलर म्हणतात. पुस्तकात द्विध्रुवीय मनोविकार लिहितात. बहुतेकांना तो विशीच्या आसपासच सुरू होतो आणि बऱ्याचदा पहिली येते ती उदासी. म्हणून तो साध्या डिप्रेशनसारखा दिसतो आणि ओळखायला वर्षं जातात.

आमच्याच घरी तसं झालं. १९८४ साल. आम्ही यावलला राहायचो. माझा मोठा भाऊ वीस वर्षांचा, मी सतरा. तीन महिने तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. वडिलांनी शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, केव्हापासून उदास आहे, जेवतो का, रडतो का. आम्ही खरी उत्तरं दिली. मन वर आणायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरवड्यात भाऊ उठून बसला. आईनं गल्लीत पेढे वाटले. पुढच्या महिन्याभरात त्यानं भाड्याच्या सायकलींचं दुकान काढायचं म्हणून उधारीवर सहा सायकली आणल्या, रात्री दोनला उठून पुढची भिंत निळी रंगवली, आणि आईच्या पाटल्या मोडायला घेऊन गेला. कोणी अडवलं की हसत हसत अंगावर यायचा. तो पेढ्याचा पुडा मला आजही आठवतो.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी कानबाईच्या (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा उत्सव) सुमारास तो असाच पंधरा दिवस न झोपता होता. रोट मागायला चार गल्ल्या फिरला, सगळ्या उत्सवाचं काम एकट्यानं ओढलं. आम्हाला कौतुक. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आजारी माणसाचे वाईट दिवस सांगायचे असतात एवढंच आम्हाला ठाऊक. चांगले दिवस कशाला सांगायचे? पण ज्याला उसळी येते, त्याला नुसती मन वर आणणारी गोळी दिली तर ती त्याला छतावर नेऊन सोडू शकते. अशा माणसाला आधी मन जागेवर धरणारं औषध लागतं. त्या पंधरा दिवसांची गोष्ट कळली असती, तर त्या डॉक्टरांनी कदाचित दुसरंच लिहून दिलं असतं.

तेव्हा ‘काय सांगायचं’ याचं माझं उत्तर हे, की फेब्रुवारी सांग. फेब्रुवारी आधी सांग. नोव्हेंबर तू आपणहून सांगशीलच, त्याला कोणाची आठवण लागत नाही. एका कोऱ्या कागदावर दिवाळीपासूनचे महिने लिही आणि प्रत्येकापुढे झोपेचे तास टाक, अंदाजानं का होईना. ६२ हजार लिही, मशीन लिही, दीड वाजताचा फोन लिही. लाज वाटेल, लिही. झोपेच्या गोळीची पट्टी बरोबर ने. दारू, गांजा काही घेत असशील तर तेही खरं सांग, डॉक्टर पोलीस नसतात. आणि घराण्यात कोणाला होतं का हे विचारून जा. पण ‘कोणाला मानसिक आजार होता का’ असं आजीला विचारलंस तर ती नाही म्हणेल. विचारायचं असं : आपल्यात कोणी घर सोडून गेलं होतं का? कोणते काका वर्षातले दोन महिने बोलायचे नाहीत? कोणी एका रात्रीत जमीन विकली होती का? मग बघ कशा गोष्टी निघतात.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, वाट्याला दहा मिनिटं येतात. तो कागद त्या दहा मिनिटांचा अर्धा तास करतो. रूममेटला सोबत ने. त्यानं तुला फेब्रुवारीत पाहिलंय आणि तू स्वतःला पाहिलेलं नाहीस.

कोणाकडे जायचं, यात आपल्याकडे फार घोळ होतो. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की लोक न्यूरोकडे जातात आणि हजारोंचा एमआरआय काढून येतात. न्यूरोलॉजिस्ट फिट, लकवा, मेंदूच्या नसा बघतात. तुला हवेत ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे तुझा रूममेट म्हणतो तेच. या आजारांचं औषध ते लिहून देतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. त्याचा उपयोग खूप होतो, पण तुझ्यासारख्या पत्राला पहिला दरवाजा मानसोपचारतज्ज्ञाचा. आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिव्हिलला केसपेपर काढताना ‘मनोविकार विभाग’ एवढं म्हण. ते थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील, कारण यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो.

गोळ्या सुटत नाहीत? गंमत म्हणजे ज्या गोळीची खरोखर सवय लागते, ती झोपेची गोळी तू आताच घेतो आहेस. ती एकदम थांबवू नको, पण आपल्या आपण वाढवूही नको. नव्या डॉक्टरांना दाखव. उदासीवरच्या आणि मन स्थिर ठेवणाऱ्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मात्र त्या चटकन काम करत नाहीत. उदासीवरची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे, कधी सहा. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि फरक काहीच नसतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपले लोक ‘काही उपेग नई’ म्हणून पट्टी फेकतात. बरं वाटल्यावरही साध्या डिप्रेशनमध्ये सहा-नऊ महिने औषध चालू ठेवतात. बायपोलर निघाला तर वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, ते मी गोड करून सांगणार नाही. अशा वेळी सगळे शुगरचं उदाहरण देतात. मला ते आवडत नाही. शुगरवाल्याला मित्रांचे ६२ हजार परत करायचे नसतात, त्यांची माफी मागायची नसते. या आजारात ते काम वेगळं करावं लागतं आणि त्याला गोळी नाही.

ते पैसे : तिघांना एकदाच समोर बसवून सांग की फेब्रुवारीत माझी तब्येत बिघडली होती, उपचार घेतोय, महिन्याला एवढे एवढे देईन. मशीनवाल्याकडे आगाऊ रकमेतलं काही परत मिळतं का, हे रूममेटला विचारायला लाव. तू फोन केलास तर एक तर रडशील नाहीतर दुसरं मशीन घेशील. आणि पुढच्यासाठी आमच्या भावानं स्वतःला घालून घेतलेला नियम : लागोपाठ दोन रात्री सहा-सहा तास झोप झाल्याशिवाय पाचशेच्या वरचा खर्च करायचा नाही.

वडिलांचं सांगते. ‘तुले काय कमी शे’ हे तुला टोचलं, पण पुढची दोन वाक्यं वाच. भाडं मी भरतो, डब्याचे मी भरतो. तो माणूस आपल्याकडून काय राहिलं हे मोजतोय आणि त्याला सापडत नाहीये. त्यांच्यापुढे ‘डिप्रेशन’ शब्द काढू नको, त्यांच्या कानाला तो आळसासारखा ऐकू येतो. अंगाचं सांग. पहाटे चारला उठून बसतो, अन्न जात नाही, वजन किती उतरलं, दोन पेपर दिले नाहीत. पेपरचं खोटं बोललास, ते याच वेळी फेडून टाक. आणि म्हण की डॉक्टरांनी घरच्या माणसाला बोलावलंय. डॉक्टर तसं बोलावतातच, त्यामुळे हे खोटं होणार नाही. असे बाप मी ओपीडीबाहेरच्या बाकावर पुष्कळ पाहिलेत, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. आत पोराचं काय झालं ते समजो न समजो, बाहेर आल्यावर हळूच मला विचारायचे, ‘मॅडम, याले खावाले काय देवानं?’ (याला खायला काय द्यायचं?)

गावात कळण्याचं म्हणशील, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. कॉलेजला पत्र जात नाही, मार्कशीटवर शिक्का बसत नाही. पण तुझी भीती कायद्याची नाही, चोपड्याच्या एसटीत शेजारी बसणाऱ्याची आहे, ते मला समजतं. आमची ओपीडी त्वचारोगाच्या शेजारी होती. गावचं कोणी भेटलं की लोक बेधडक सांगायचे, खाज सुटलीय. नायटा चालेल, उदासी नको! तूही काही दिवस तसं सांग, मी रागावणार नाही. आतल्या खोलीत मात्र खरं सांग.

प्रश्न : मी अमळनेरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी मी फार उदास असते आणि शनिवारी एकदम आनंदी. इन्स्टावर एक चाचणी केली, त्यात मला बायपोलर आहे असं आलं. काय करू?

उत्तर : तुला सोमवार आवडत नाही. मलाही आवडायचा नाही. उदासी दोन आठवडे सलग राहिली, जेवण-झोप-अभ्यास सगळं बिघडलं, तर मला पुन्हा लिही, मी हसणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. शहादा तालुक्यात आमचं गाव. चार महिन्यांपासून खोलीबाहेर येत नाही, केस विंचरत नाही, विचारलं की डोळ्यांतून पाणी. सगळे म्हणतात बाहेरचं आहे. एका बाबांकडे नेलं, त्यांनी अकरा अमावास्या सांगितल्या आहेत आणि मीठ बंद केलं आहे. मागच्या खेपेला तिला छडीनं मारलं, म्हणाले तिला लागत नाही, आतल्याला लागतं. ताई, मी काय करू? सासूबाई ऐकत नाहीत.

उत्तर : ताई, लागतं तिलाच. पुढची अमावास्या आता नाही. भूत उतरवण्याच्या नावानं मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. हे वाक्य सासूबाईंसाठी लिहिते आहे, त्यांना अंक वाचून दाखवा. मीठ आजच सुरू करा.

तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. सातपुड्यातल्या मनुदेवीला जा, नवस बोला, मुलीला सोबत न्या. डोंगरातली ती वाट चालली तर तिला बरंच वाटेल. पण त्याच आठवड्यात नंदुरबारला सिव्हिलमध्येही न्या. आणि आज रात्री तिच्याजवळ झोपा, दिवा मालवा, आणि अंधारात विचारा : बाळा, जीव नकोसा होतो का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट ज्याच्या डोक्यात तो आहे, त्याला कोणीतरी विचारल्यानं सुटल्यासारखं वाटतं. ती हो म्हणाली तर सकाळची पहिली गाडी धरा आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

आणखी एक. चार महिन्यांपूर्वी काही घडलं असेल आणि ते तिला आईला सांगता येत नसेल, असंही असू शकतं. सिव्हिलला बाई डॉक्टर किंवा समुपदेशक मागा आणि तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर थांबा.

प्रश्न : वय २४, एरंडोल. दोन वर्षांपूर्वी मला बायपोलरचं निदान झालं. व्हॅल्प्रोएट चालू आहे, तेव्हापासून मी अगदी स्थिर आहे, शाळेत शिकवते. आता स्थळं येत आहेत. एक चांगलं आहे. घरचे म्हणतात, गोळ्या बंद कर आणि काही सांगू नको, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बोलणी करू. मी काय करावं?

उत्तर : गोळी आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नकोस. पण डॉक्टरांना याच महिन्यात भेट आणि लग्नाचा विषय तू स्वतः काढ. व्हॅल्प्रोएट पोटात असताना गर्भ राहिला तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहण्याची, पुढे त्याच्या बुद्धीवर परिणाम होण्याची भीती खरी आहे. मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध शक्यतो टाळतात. दुसरं बसवायला काही महिने लागतात, म्हणून ते काम लग्नाच्या आधी व्हायला हवं, हळद लागल्यावर नाही. दोन वर्षांपूर्वीच हे तुला कोणी सांगायला हवं होतं, त्याचा मला राग येतो.

सांगण्याबद्दल माझं मत ठाम आहे : साखरपुड्याआधी, मुलाला, स्वतःच्या तोंडानं. मध्यस्थाकडून नको. मध्यस्थाकडून ती बातमी शेजारच्या धरणगावला पोचेपर्यंत तिला चार शेपट्या फुटलेल्या असतील. ‘मला असा आजार आहे, दोन वर्षं औषधानं स्थिर आहे, नोकरी करते, औषध चालू राहील’ एवढंच. तुला वाटेल हे मी प्रामाणिकपणाच्या हौसेनं सांगते. नाही. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सगळ्यांत धोक्याचे असतात आणि तेव्हा आईच्या झोपेची काळजी घ्यावी लागते. रात्री बाळाला कोणीतरी दुसऱ्यानं घ्यावं लागतं. ज्या घराला माहीतच नाही, ते घर म्हणेल, आमच्या वेळी आम्ही नाही का उठलो! लपवलेली पट्टी पिठाच्या डब्यातून सापडते, हेही अनुभवानं सांगते. मुलगा नाही म्हणाला तर एक आखाजी रडण्यात जाईल. जाऊ दे.

प्रश्न : मी भुसावळचा, वय २६. सहा महिन्यांपासून लिथियम चालू आहे. उन्हाळ्यात काळजी घ्या एवढंच डॉक्टर म्हणाले. नेमकी काय?

उत्तर : हा प्रश्न मुंबईच्या मासिकाला कोणी विचारला नसता. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे तो विचारायलाच हवा.

लिथियम, म्हणजे मन जागेवर धरणारं हे औषध, एक साधा क्षार आहे. उसळीवर तो चालतो हे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी दाखवलं आणि अजून त्याच्या तोडीचं औषध फार नाही. पण त्याचं योग्य प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर थोडं असतं. रक्तात साधारण ०.६ ते १.० (मिलीमोल प्रति लिटर) असं ठेवतात. मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम यांतला फरक नीट कळत नाही. घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, रक्तातलं प्रमाण मात्र चढत जातं.

२००३ च्या मे महिन्यात माझ्या भावाचं हेच झालं. भर उन्हात लग्नाच्या वरातीत चालला, दोन दिवस जुलाब, त्यात गुडघा दुखतो म्हणून एका दवाखान्यात दुखण्याची इंजेक्शनं घेतली. लिथियम चालू आहे हे त्यानं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी हात थडथड हलायला लागले, चालताना तोल जायचा, जीभ जड. लग्नघरातले म्हणाले, पिऊन आलाय. ज्या माणसानं वीस वर्षं थेंबाला हात लावला नव्हता, त्याला मांडवाबाहेर बसवून ठेवलं. मी संध्याकाळी पोचले, हात बघितले आणि तशीच गाडी करून घेऊन गेले.

म्हणून, थरथर वाढली, तोल गेला, बोलणं अडखळलं, उलट्या-जुलाब झाले, गुंगी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, रक्तातलं लिथियम तपासायचं आणि पुढची गोळी त्यांना विचारूनच घ्यायची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्या नकोत, पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या काही गोळ्यांनीही प्रमाण वाढतं, तेव्हा कोणत्याही डॉक्टरांसमोर बसलास की पहिलं वाक्य ‘लिथियम चालू आहे’. मीठ एकदम कमी करू नकोस. निर्जळी उपवास तुझ्यासाठी नाही, आजीला माझं नाव सांग. तपासणीचं रक्त सकाळी द्यायचं, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर, सकाळची गोळी घेण्याआधी. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्याही अधूनमधून होतात, त्या चुकवू नकोस.

पाण्याचं प्रमाण तुझ्या डॉक्टरांकडून ठरवून घे. भावाचं ठरलेलं आहे. त्या सहा सायकलींपैकी पाच दुकानदारानं परत नेल्या होत्या, सहावीच्या जोरावर त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं, ते अजून चालू आहे. उन्हाळ्यात दुकानात माठ आणि पितळी तांब्या असतो. एक तांब्या प्याला की माठाशेजारच्या भिंतीवर खडूनं एक रेघ. संध्याकाळपर्यंत आठ रेघा नसल्या तर वहिनी डबा उघडू देत नाही. मृगाचा पाऊस लागला की ती ओल्या फडक्यानं भिंत पुसून टाकते.